संथ गाडी पुढे: जायबंदी सैनिकांसोबतच्या इंदूर–महू दुचाकी फेरीचा प्रकरण अभ्यास

उज्जैनच्या एका बायकर गटाला माजी सैनिकांसाठी दुचाकी फेरी काढायची आहे. आमची फेरी त्यांच्यातल्या काहींनी पाहिली होती, म्हणून ‘कसं केलंत ते एकदा नीट लिहून द्या’ असा निरोप आला. फेरी म्हटलं तर छोटीच होती. सशस्त्र सेना ध्वज दिनाच्या मागेपुढे येणारा डिसेंबरातला रविवार, सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरातून निघायचं, राऊवरून महूला पोहोचायचं आणि जायबंदी सैनिकांसाठी पैसे उभे करायचे. चाळीसेक मोटरसायकली आणि साइड व्हील, म्हणजे आधाराची छोटी चाकं लावलेल्या चार स्कूटर. या चार स्कूटर रांगेत कुठे चालणार, या एका प्रश्नाने आमची सगळी आखणी बदलून टाकली.

महूच का, हे इंदूरकरांना सांगायला नको. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, सिग्नल्सवाल्यांचं (फौजेच्या संदेश-दळणवळण शाखेचं) मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, सगळं तिथेच. पलटणीतून निवृत्त होऊन महूतच घर बांधून राहिलेली मराठी कुटुंबं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. बाबासाहेबांचा जन्मही १८९१ मध्ये महूतच झाला, कारण वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि त्यांची नोकरी तेव्हा तिथे होती. ध्वज दिन ७ डिसेंबरला १९४९ पासून पाळला जातो. शाळेत छातीला लावलेला तो छोटा कागदी झेंडा आठवतो, पण त्याचे पैसे कुठे जातात हे आमच्या गटातल्या बहुतेकांना फेरीच्या तयारीतच कळलं.

पहिला आराखडा

पहिल्या बैठकीत कोणीतरी वॉशिंग्टनच्या ‘रोलिंग थंडर’चे व्हिडिओ दाखवले. १९८८ पासून तीन दशकं तिथे मे महिन्याच्या शेवटी हजारो मोटरसायकली युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या आठवणीसाठी गडगडत निघायच्या. ते पाहून सगळ्यांच्या अंगावर काटा आला आणि आराखडाही तसाच झाला. पुढे बुलेटवाले, त्यांच्या मागे बाकीच्या मोटरसायकली, सर्वांत मागे अँब्युलन्सच्या अलीकडे चार स्कूटर. जे स्वतः चालवू शकत नाहीत अशा माजी सैनिकांसाठी फुलांनी सजवलेली उघडी जिप्सी, तीही पुढे. महूच्या वेशीवर फटाके आणि ढोल. स्कूटर मागे ठेवण्यामागे हेतू चांगलाच होता. मागे मदत जवळ, मागून कोणी धडकायची भीती नाही, त्यांना सावकाश येता येईल.

हा आराखडा घेऊन आम्ही महूला एका हवालदारकाकांकडे गेलो. काका मूळचे साताऱ्याकडचे. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्यानंतर महूतच स्थायिक झाले. चारांपैकी एक स्कूटर त्यांची. आमच्यातल्या एका मुलाने उत्साहाने सांगितलं, “काका, तुम्हाला स्कूटर चालवायला लागणारच नाही. जिप्सीत बसा, आम्ही मस्त सजवतो.”

काकांनी कागद खाली ठेवला. “जिप्सीत बसवून मिरवायला मी काय गणपती आहे का रे? मला गाडी चालवता येते. आणि चालवणार असेन तर सगळ्यात शेवटी नाही चालवणार.”

आम्हाला वाटलं, मानाचा प्रश्न आहे. तो होताच. पण काकांनी पुढे जे सांगितलं ते निव्वळ ताफा चालवण्याचं ज्ञान होतं. आमच्यापैकी लांब फेऱ्या केलेल्यांना ते माहीत असूनही या ठिकाणी सुचलं नव्हतं.

रांगेतली पहिली गाडी एकसारखी ताशी तीसने चालली, तरी खड्डा आला, वळण आलं की मागचा प्रत्येक जण गरजेपेक्षा जरा जास्त ब्रेक दाबतो आणि जरा उशिरा वेग घेतो. पहिल्या दोन-चार गाड्यांत हा फरक जाणवत नाही. मागे मागे तो साठत जातो आणि पेटीच्या भात्यासारखी सगळी रांग दाबली जाते, मग ताणली जाते. शेवटच्याला आधी जवळजवळ थांबावं लागतं, नंतर रांग गाठण्यासाठी पुढच्यांपेक्षा कितीतरी जोरात पळावं लागतं. म्हणून नवखे चालक नेहमी लीडच्या, म्हणजे रांग नेणाऱ्या पहिल्या चालकाच्या पाठोपाठ ठेवतात आणि शेवटी स्वीप म्हणून, म्हणजे कोणी मागे राहू नये हे पाहायला, सगळ्यात मुरलेला चालक असतो. आमच्या आराखड्यात ज्यांना जोरात पळणं सर्वांत धोक्याचं, तेच शेवटी होते.

स्कूटर जवळून

काकांनी अंगणातच आपली स्कूटर दाखवली. साधी गिअर नसलेली गाडी, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीवर छोटी चाकं. दोन्ही ब्रेक हातात, म्हणून पायाचं काम नाही. आपली दुचाकी वळताना आत झुकते. ही झुकत नाही. जोरात वळवली की आतलं छोटं चाक जमिनीवरून उचलतं आणि गाडी बाहेरच्या अंगाला जाऊ पाहते. रस्ता कडेला उतरता असला की हँडल सतत त्या बाजूला ओढतं, आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्याच्या मधोमध बसलेला खड्डा. दोन्ही छोटी चाकं खड्ड्याच्या कडांवर टेकतात आणि मधलं मागचं चाक, ज्यात इंजिनाचा जोर आणि ब्रेक दोन्ही असतात, ते अधांतरी फिरतं. त्या क्षणी मागचा ब्रेक दाबून उपयोग नाही. काकांनी अंगणातल्या खळग्यावर नेऊन चाक फिरवून दाखवलं. कितीही वर्षं बाइक चालवलेल्यांनीही हे पाहिलेलं नव्हतं.

आणखी एक. मोटरसायकली रांगेत आडव्या-तिरप्या चालतात, एक डावीकडे, पुढची उजवीकडे, आपल्याच बाजूच्या थेट समोरच्याशी दोन सेकंदांचं अंतर राखून. साइड व्हीलची स्कूटर या नक्षीत बसत नाही. तिला रुंदी लागते आणि खड्डा चुकवायला मोकळी बाजू लागते. म्हणून तिला पूर्ण लेन द्यायची, एकामागे एक, अंतर दोन सेकंदांहून जास्त.

एक पाचवी स्कूटर होती. तिची साइड व्हील गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये लावलेली, आरसीवर बदलाची नोंद नाही. तिला आम्ही घेतलं नाही. त्या मालकांना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले तर भोगावं त्यांनाच लागलं असतं. नोंद करून घेण्याचं काम आमच्यातल्या एकाने त्याच आठवड्यात अंगावर घेतलं.

नवी मांडणी आणि जे तिला कंटाळले

ठरलं असं. सर्वांत पुढे एक अनुभवी लीड, त्याच्या पाठोपाठ चार स्कूटर, त्यांच्या मागे एक मोटार, मग मोटरसायकली सात-आठच्या तुकड्यांत. तुकड्यांमध्ये मुद्दाम मोठं अंतर, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला, बसला मध्ये शिरून पुढे जाता येईल. पिथमपूरच्या कारखान्यांची वाहतूक असलेल्या रस्त्यावर चाळीस गाड्यांची सलग भिंत उभी करणं हा दुसऱ्यांवर अन्याय आहे. वेग तीसच्या आत, आणि तो ठरवणार हवालदारकाका.

यावर कुरकुर झाली आणि ती खोटी नव्हती. जड मोटरसायकल तीसच्या आत चालवत राहिलं की इंजिन तापतं, क्लचवर हात दुखतो. दोघांनी नाव मागे घेतलं. एकाने जाता जाता म्हटलंही, “एवढ्या हळू जायचं तर फेरी कशाला, चालतच जाऊ या.” माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की ज्यांच्यासाठी फेरी आहे त्यांच्या वेगाने चालायला जमत नसेल त्याने येऊ नये. बाकीच्यांसाठी तोडगा निघाला. मागच्या तुकड्या उशिरा सोडायच्या, त्यांनी आपल्या सोयीच्या वेगाने यायचं आणि थांब्यावर सगळ्यांनी एकत्र व्हायचं.

महूऐवजी महेश्वरचा हट्ट धरणारेही होते. रस्ता देखणा, शेवटी अहिल्याबाईंचा घाट आणि नर्मदा, मोह कोणालाही पडेल. पण त्या वाटेवर मानपूरच्या पुढे गणेश घाटाचा उतार लागतो, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांचे अपघात तिथे किती झालेत हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उतारावर साइड व्हीलची स्कूटर नेण्याचा प्रश्नच नव्हता. महू ठरलं.

आवाज

स्वागताच्या फटाक्यांचा बेत एका फोनने रद्द झाला. माजी सैनिकांच्या घरी वेळ कळवायला आम्ही फोन करत होतो. एका घरी त्यांच्या पत्नीने फोन घेतला. सगळं ऐकून म्हणाल्या, “ताई, ते येतील. पण फटाके असतील तर आधी सांगा. दिवाळीत आम्ही खिडक्या लावून, टीव्ही मोठा करून बसतो. दारात फुटला की ते जमिनीवर बसतात, मग दोन दिवस बोलत नाहीत.”

मी हे बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. कोणी वाद घातला नाही. फटाके गेले, ढोलही गेला. पण मोटरसायकलींच्या आवाजाचं काय? इंदुरात सायलेन्सर बदलून फटाक्यासारखा आवाज काढत फिरणाऱ्या बुलेट कमी नाहीत, पोलीस त्या पकडतात, तरी पुन्हा दिसतात. आमच्यातही तशा होत्या. नियम केला: कंपनीचाच सायलेन्सर. निघायच्या सकाळी दोघे तशाच गाड्या घेऊन आले. त्यांना गाडी तिथेच लावून दुसऱ्याच्या मागे बसायला सांगितलं. एक बसला, एक घरी गेला. वॉशिंग्टनमध्ये त्या गडगडाटालाच अर्थ होता, तो त्या लोकांनी स्वतः निवडला होता. आपल्याकडच्या माणसाला काय सोसतं ते आपण त्यालाच विचारायला हवं होतं, आणि त्या बाईंनी आपणहून सांगितलं म्हणून ते वेळेत कळलं.

नायकसाहेबांना मागे बसायचं होतं

सिग्नल्समधून आलेले एक नायक, पाठीच्या कण्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही. त्यांना बुलेटवर मागे बसायचं होतं. फौजेत असताना स्वतः चालवायचे, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. आम्हाला नाही म्हणवेना. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टने समजावलं ते असं: पायाला संवेदना नाही, पाय फूटरेस्टवरून घसरून सायलेन्सरला टेकला तर भाजतं आहे हे त्यांना कळणारच नाही, चामडी जळल्याचा वास येईल तेव्हा कळेल. शिवाय एका जागी बसून राहिलं की बेडसोअर, म्हणजे दाबाने त्वचेला जखम होते, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं, ते मोटरसायकलवर जमत नाही. पायात अचानक झटका आला तर दोघंही पडतील.

नायकसाहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “मग मला बसवून ठेवू नका. काम द्या.”

स्कूटरांच्या मागच्या मोटारीत ते जाड गादीवर बसले आणि सगळ्या मार्शलना, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांना, एका फोन कॉलवर घेऊन फेरी चालवली. पहिल्याच पाच मिनिटांत आमची भाषा त्यांनी सरळ केली. “लांबण लावू नका. तुमचा नंबर सांगा, काय झालं सांगा, गप्प व्हा.” त्यानंतर कॉलवर ‘तीन नंबर, ट्रक येतोय, जागा देतोय’ एवढंच ऐकू यायचं. त्यांच्या नोकरीचं काम तेच होतं.

थांब्याची जागा ठरवणं माझ्याकडे होतं. ढाब्यांची स्वच्छतागृहं मोजपट्टीने मोजली तेव्हा कुठल्याच दारातून व्हीलचेअर जाईना. शेवटी राऊच्या पुढे एक मॅरेज गार्डन मिळालं. तिथे रॅम्प होता, दार रुंद होतं, आणि सकाळी लग्न नव्हतं.

प्रत्यक्ष फेरी

फेरी बरीचशी निर्विघ्न झाली, म्हणून त्याबद्दल थोडंच. थंडी माळव्यातल्या डिसेंबरची, हातमोज्यांतूनही बोटं बधिर होत होती. पोलिसांनी मोठ्या चौकांत मदत केली. आमच्या मार्शलनी कुठेही वाहतूक अडवली नाही, तो अधिकार त्यांना नाही हे आधीच बजावलेलं होतं. राऊच्या पुढे पांढरे पट्टे नसलेला एक नवा स्पीडब्रेकर आडवा आला. तिसऱ्या स्कूटरचं मागचं चाक अधांतरी झालं आणि गाडी हातभर सरकली. वेग कमी होता, मागे मोकळी जागा होती, काही झालं नाही. ही स्कूटर रांगेच्या शेवटी पळत असती तर काय झालं असतं, त्याचा विचार करून आधी कुरकुर करणाऱ्यांनीही मान डोलावली.

मॅरेज गार्डनमध्ये पोहे-जिलेबी खाताना हवालदारकाका खुर्चीत बसले, पँट वर सरकवली, नडगीजवळचं बटण दाबून कृत्रिम पाय काढून बाजूला उभा केला. मग स्टंपवरचा, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागावरचा, सिलिकॉनचा लायनर (मऊ आवरण) उलटा करत सोलून काढला. आत घाम होता, कडेला त्वचा लाल झाली होती. सुती कपड्याने दाबून दाबून पुसलं, जरा वारा लागू दिला, लायनर परत चढवून वर जाड मोजा घातला. कॉलेजची मुलं दुसरीकडे बघायला लागली. काका म्हणाले, “बघा ना, बघण्यासारखंच आहे. घाम राहिला तर जखम होते, जखम झाली की महिनाभर पाय लावता येत नाही, म्हणजे महिनाभर घरात.” मग मुलं जवळ आली, आणि एकाने विचारलं, दुखतं का? “जो पाय नाही तो दुखतो,” काका म्हणाले. “थंडीत जास्त.” अर्धा तास ठरवलेला थांबा बराच लांबला, आणि तो लांबला हे फार बरं झालं.

पैसा

अंदाजपत्रकाचा पहिला कागद मी अजून ठेवला आहे. टी-शर्ट, फ्लेक्स, मंच, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं. हे सगळं धरून नोंदणी फीमधून उरत होतं फारच थोडं. काकांनी आपलं कपाट उघडून दाखवलं होतं. काचेची, लाकडाची, पितळी मुलाम्याची चिन्हं एकावर एक रचून ठेवलेली. “धूळ पुसते बायको,” एवढंच म्हणाले. टी-शर्ट आणि मंच रद्द झाले. शाल-श्रीफळ ठेवावं असं दोघा ज्येष्ठांचं म्हणणं होतं, पण तेही शेवटी राहून गेलं, आणि कोणाला उणं वाटलं नाही.

उरलेल्या पैशांचे दोन भाग केले. एक भाग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत सशस्त्र सेना ध्वज दिन निधीला. दुसरा महूतल्या तीन घरांना: बाथरूममध्ये भिंतीला धरायचे दांडे, उंबऱ्याजागी उतार, एका घरी रुंद दार. पुण्याला पाठवावं असंही काहींना वाटत होतं. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आणि वानवडीचं १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र यांचं काम मोठं आहे, आमच्या माजी सैनिकांपैकी काहींचे पाय तिथेच बनले. पण तिथून घरी परत आल्यावर दोन इंचांचा उंबरा ओलांडता येत नाही, ही अडचण इथली होती आणि इथेच सोडवता येत होती.

खरा वाद झाला तो पैसे कोणाला, यावर. काकांच्या शेजारी एक निवृत्त शिपाई राहतात. मधुमेहाने त्यांचा पाय कापावा लागला, निवृत्तीनंतर. “फेरी जायबंदी सैनिकांसाठी आहे, साखरेच्या रुग्णांसाठी नाही,” असं एक जण म्हणाला. नियमांच्या जगातही हा भेद आहेच: सेवेत आलेलं अपंगत्व आणि नंतर आलेलं अपंगत्व यांचे हक्क वेगळे. पण नंतर अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना फिरण्याच्या साधनांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाची अनुदान योजना आहे, आणि या शिपायांनी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांना आमच्या पैशांपेक्षा अर्जाची गरज होती. दोन मुली लॅपटॉप घेऊन बसल्या, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), फौजेचं डिस्चार्ज बुक सगळं गोळा केलं, अर्ज भरला. हा वाद घालणारा मुलगाच त्यांना स्कूटरवरून कार्यालयात घेऊन गेला.

या कामांना उशीर परवडत नाही, असं मला मनापासून वाटतं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. मधली शेहेचाळीस वर्षं सांगली-पुण्याकडच्या किती घरांत त्यांचं नाव माहीत होतं? आणि सुरुंगात पाय गमावलेल्या होकातो सेमांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत कांस्य मिळवलं, त्यांचं प्रशिक्षण पुण्यात झालं, तरी थांब्यावर विचारलं तेव्हा चाळीसांपैकी मोजक्यांनाच ते नाव ठाऊक होतं.

उज्जैनकरांसाठी

उज्जैन ते इंदूर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे, आमच्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त. साइड व्हीलच्या स्कूटरांनी हे अंतर एका दमात करू नये. त्यांना शेवटच्या टप्प्यातच सामील करून घ्या आणि तेव्हाही पुढे ठेवा. गावातल्या माजी सैनिकांना मार्ग ठरण्याआधी भेटा. आमच्याकडे काकांना दाखवायला तयार कागद नेला गेला, त्याऐवजी कोरा न्यायला हवा होता. फटाक्यांचं प्रत्येक घरी विचारा, आणि शक्य असेल तर घरच्या बाईंशी बोला. थांबा सांवेरच्या जवळपास शोधत असाल तर मोजपट्टी बरोबर न्या, व्हीलचेअर वापरणारा तुमच्यातला एक जण न्या, आणि त्याने स्वच्छतागृहात जाऊन येऊन होकार दिल्याशिवाय जागेचे आगाऊ पैसे देऊ नका.